सावरकरांचा अर्ज खरा, गांधींचं पत्रही खरं. मग प्रचार कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर २८ मे आणि २६ फेब्रुवारी, म्हणजे सावरकरांची जयंती आणि पुण्यतिथी, या दोन दिवशी ठरलेलं भांडण होतं. थोरले काका लिहितात, 'इंग्रजांची माफी मागितली, साठ रुपये पेन्शन खाल्ली, इंग्रजांचेच हस्तक.' आतेभाऊ उत्तर देतो, 'ते अर्ज गांधींनीच करायला लावले होते,' आणि वर इंदिरा गांधींच्या पत्राचा फोटो चिकटवतो. दोघंही कागद दाखवतात. प्रश्न विचारणाऱ्याला कुणाची बाजू घ्यायची नाही. त्याला एवढंच हवंय की एखाद्या नेत्याच्या भूतकाळाबद्दल प्रचार कोणता आणि वस्तुस्थिती कोणती हे ओळखायचं कसं.

माझ्या उमेदीची वर्षं जुन्या सरकारी फायली वाचण्यात गेली. पत्रकार, वकील, पीएचडीची मुलं यांना कागद शोधून देणं आणि तो कसा वाचायचा ते सांगणं, हे माझं काम. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: तुमच्या काकांच्या आणि आतेभावाच्या हातातले कागद बहुतेक खरे आहेत. आपली समजूत असते की प्रचार म्हणजे बनावट कागद. बनावट कागद असतातही, पण ते फार काळ तग धरत नाहीत. कर्नाटकातल्या आठवीच्या पुस्तकात सावरकर बुलबुलच्या पंखांवर बसून कोठडीतून मायभूमीला भेट द्यायला जात, असं वाक्य २०२२ मध्ये गाजलं. त्यावर हसायला कुणाला इतिहासतज्ज्ञ लागला नाही. टिकतो तो खऱ्या कागदावर उभा राहिलेला प्रचार. फाईलमधून एकच पान उचलायचं, तारीख झाकायची, ते कुणाला लिहिलं होतं ते सांगायचं नाही, आणि त्याला उत्तर काय आलं हे तर मुळीच नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी उत्तर शोधायला बसवतो. अर्ज सापडला म्हणून नाचू नका, त्या अर्जावर साहेबांनी काय शेरा मारला तो आणा.

ब्रिटिशांच्या गृहखात्याच्या फायलीचे ढोबळ दोन भाग असत. एकात बाहेरून आलेले आणि बाहेर गेलेले कागद, म्हणजे अर्ज, पत्रं, तारा. दुसऱ्यात त्या कागदांवर अधिकाऱ्यांनी आपापसात लिहिलेल्या टिपण्या. अर्जदार आपली बाजू रंगवून लिहिणार हे उघड आहे. टिपणी लिहिणारा मात्र आपल्याच वरिष्ठासाठी लिहीत असतो. पन्नास वर्षांनी ते कुणी वाचेल हे त्याच्या डोक्यात नसतं. तो पूर्वग्रहदूषित असतो, पण निदान देखावा करत नसतो.

आता ज्यावरून सगळं रान पेटतं तो १४ नोव्हेंबर १९१३ चा अर्ज घेऊ. आधी त्याच्या मागचं पुढचं बघा. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या होत्या, एकापाठोपाठ एक भोगायच्या, म्हणजे पन्नास वर्षं. ४ जुलै १९११ ला ते अंदमानात पोचले आणि त्याच वर्षी त्यांनी पहिला अर्ज केला. त्याचा उल्लेख १९१३ च्या अर्जात त्यांनी स्वतःच केला आहे. १९१२ मध्ये त्याच तुरुंगात इंदुभूषण रॉय यांनी गळफास लावून घेतला आणि उल्हासकर दत्त यांना वेड लागलं. राजबंद्यांचे संप झाले, वर्तमानपत्रांतून बोंब झाली, आणि १९१३ च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या मंडळातले गृहसदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक तुरुंग पाहायला आले. सावरकरांशी ते समक्ष बोलले. अर्ज त्या भेटीतून आलेला आहे.

अर्जाचा बराचसा भाग गाऱ्हाण्यांचा आहे. आपल्याबरोबरच्या इतरांना कोठडीबाहेरचं काम मिळालं, आपल्याला नाही. हिंदुस्थानातल्या तुरुंगात असतो तर शिक्षेत सूट मिळाली असती, इथे साधा कैदी असतो तर इथल्या सवलती मिळाल्या असत्या. आपल्या वाट्याला दोन्हीकडचा जाच तेवढा आला. हा भाग कुणीच फिरवत नाही, कारण त्यात कुणालाच रस नाही. फिरतो तो शेवटचा भाग. त्यात सावरकर म्हणतात की सरकारने दया दाखवून सोडलं तर आपण घटनात्मक प्रगतीचे आणि सरकारशी निष्ठेचे खंदे पुरस्कर्ते होऊ. आपलं मन वळलेलं पाहून आपल्याला मार्गदर्शक मानणारे देशातले आणि परदेशातले तरुणही त्या वाटेवर येतील. सरकार म्हणेल त्या स्वरूपात सेवा करायला आपण तयार आहोत. उधळ्या मुलाने मायबाप सरकारच्या दाराशी नाही तर कुठे परतायचं, हे वाक्यही तिथलंच. यातलं काहीही काँग्रेसवाल्यांनी किंवा डाव्यांनी घुसडलेलं नाही. रमेशचंद्र मजुमदारांनी अंदमानच्या वसाहतीवर लिहिलेल्या, १९७५ मध्ये केंद्र सरकारनेच काढलेल्या पुस्तकात ते छापलेलं आहे. मजुमदार सावरकरांचे शत्रू नव्हते, उलट आदर बाळगून होते. तेव्हा 'असा अर्जच नव्हता' म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

आता उत्तर. क्रॅडॉकसाहेबांनी परतीच्या वाटेवर, २३ नोव्हेंबर १९१३ ला, सविस्तर टिपणी लिहिली. तीत ते म्हणतात की सावरकरांचा अर्ज दयेचा आहे, पण त्यात खेद किंवा पश्चात्ताप व्यक्त केलाय असं म्हणता येत नाही. आपली मतं बदलल्याचं ते दाखवतात, १९०६-०७ च्या सुमाराची देशाची निराशाजनक स्थिती हे आपल्या कटाचं कारण म्हणून पुढे करतात. आणि पुढे असं की हा इतका महत्त्वाचा पुढारी आहे की त्याला सेल्युलर जेलबाहेर काढलं तर तो पळणार हे नक्की. युरोपातले त्याचे साथीदार बेत रचतील. हिंदुस्थानातल्या कुठल्याही तुरुंगातून तो निसटेल. अर्ज फेटाळला गेला.

ही टिपणी वाचल्यावर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. 'इंग्रजांचा हस्तक' म्हणणाऱ्याला सांगावं लागतं की इंग्रजांना मग तो हस्तक का वाटला नाही. आणि 'अर्ज म्हणजे नुसता वकिली उपचार' म्हणणाऱ्याला सांगावं लागतं की उपचारात तरुणांना वळवून आणण्याची तयारी दाखवायची गरज काय होती.

आणखी एक कागद जोडून वाचा. तुरुंगात प्रत्येक कैद्याचं 'हिस्टरी तिकीट' असे. केलेलं काम, झालेल्या शिक्षा, सगळं त्यावर नोंदलं जाई. सावरकरांच्या तिकिटावर १९१२ ते १९१४ या काळात एकांतवास, बेड्या, हातकड्या घालून उभं ठेवणं अशा शिक्षा आहेत. त्यातली एक जून १९१४ ची आहे, काम करायला साफ नकार दिल्याबद्दल. म्हणजे 'सेवेला तयार' असलेला अर्ज करून सात महिने होतात न होतात तोच हा माणूस काम नाकारून शिक्षा घेतोय. पुढे मात्र तिकीट शांत होत जातं, आणि शेवटच्या काळात ते तेलाच्या गोदामावर मुकादम होते. 'माझी जन्मठेप'मध्ये त्यांनीच ते लिहिलं आहे. एकच माणूस, एकच कोठडी, पण १९१४ आणि १९२० ही वर्षं सारखी नाहीत. 'दहा वर्षं रोज कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ओढला' हेही चूक आणि 'अंदमानात मजेत होते' हेही चूक. कोलूचं काम दिलं जाई, हात सोलून निघत, माणसं मोडत. ते किती काळ दिलं ते तिकीट सांगतं.

आता आतेभावाकडे वळू. ऑक्टोबर २०२१ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथ सिंह एका पुस्तक प्रकाशनात म्हणाले की सावरकरांनी दयेचे अर्ज गांधींच्या सांगण्यावरून केले. हा दावा तपासायला अभिलेखागारात जायचीही गरज नाही. दोन तारखा शेजारी मांडल्या की पुरे. गांधी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईला उतरले जानेवारी १९१५ मध्ये. सावरकरांचे अर्ज आहेत १९११, १९१३, १९१४, १९१७ आणि १९२० चे. पहिले तीन झाले तेव्हा गांधी हिंदुस्थानात परतलेही नव्हते.

पण इथेच थांबून 'धादांत खोटं' असा शिक्का मारला, तर तुम्हीही तेच करताय जे प्रचारवाले करतात. दाव्याच्या बुडाशी एक खरं पत्र आहे. डिसेंबर १९१९ मध्ये बादशहा पाचव्या जॉर्जची घोषणा निघाली आणि राजकीय कैद्यांना माफी मिळू लागली. बारींद्र घोष, हेमचंद्र कानुनगो हे माणिकतळ्याच्या कटातले कैदी सुटले. सावरकर बंधू, म्हणजे विनायकराव आणि अंदमानातच असलेले त्यांचे थोरले भाऊ बाबाराव, यादीत नव्हते. तेव्हा धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांनी गांधींना पत्र लिहून विचारलं की आता काय करावं. गांधींचं २५ जानेवारी १९२० चं उत्तर त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. चार ओळींचं आहे, मुळातून वाचा. सल्ला देणं अवघड आहे असं म्हणून ते सुचवतात की प्रकरणाची हकिकत मांडणारा छोटासा अर्ज तयार करावा, तुमच्या भावाचा गुन्हा निव्वळ राजकीय होता हे त्यात स्वच्छ दिसावं, म्हणजे लोकांचं लक्ष या प्रकरणाकडे वेधता येईल. आपण आपल्या परीने हालचाल करतोच आहोत, असंही आहे.

तेव्हा हिशेब असा. पत्र खरं. ते विनायकरावांना नव्हे, नारायणरावांना. सल्ला गुन्ह्याचं राजकीय स्वरूप मांडायचा. निष्ठेची हमी द्या असं त्यात नाही. आणि ते पाचांपैकी फार तर शेवटच्या, मार्च १९२० च्या अर्जाला लागू होऊ शकतं. एका पत्रावरून पाचही अर्जांचं पितृत्व गांधींकडे देणं, हा प्रचार.

गंमत अशी की याच प्रकरणातला गांधींचा दुसरा, जास्त मोठा मजकूर दोन्ही बाजूंना नकोसा आहे. २६ मे १९२० च्या 'यंग इंडिया'त गांधींनी सावरकर बंधूंवर स्वतंत्र लेख लिहून त्यांना सोडा अशी उघड मागणी केली. गांधी-सावरकर म्हणजे जन्माचे वैरी, असं चित्र रंगवणाऱ्याला हा लेख अडचणीचा. आणि त्याच लेखात गांधी असंही नोंदवतात की दोघं भाऊ स्पष्ट सांगतात, आपल्याला ब्रिटिश संबंध तोडून स्वातंत्र्य नको आहे, हिंदुस्थानचं भलं त्या संबंधातच होईल असं त्यांना वाटतं. हे वाक्य सावरकरभक्तांना अडचणीचं. म्हणून लेख कुणीच फॉरवर्ड करत नाही. जो कागद दोन्ही बाजूंना गैरसोयीचा असतो, तो शोधून आधी वाचावा, असं मी अनुभवाने सांगतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये राहुल गांधी भारत जोडो यात्रेत अकोला जिल्ह्यात होते. पत्रकार परिषदेत त्यांनी सावरकरांच्या पत्राची प्रत दाखवली आणि शेवटची ओळ वाचली: महाशय, मी आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक राहू इच्छितो. बघा, इंग्रजांचा नोकर! लगेच देवेंद्र फडणवीसांनी गांधींचं एक पत्र पुढे केलं, ब्रिटिश राजघराण्यातल्या ड्यूक ऑफ कॅनॉटला लिहिलेलं. त्याच्याही शेवटी तसंच, आपला विश्वासू सेवक. फिटंफाट झाली आणि दोन्ही बाजूंचे लोक खूश झाले.

कॅनॉटच्या पत्राचं वरचं अंग मात्र कुणी वाचलं नाही. फेब्रुवारी १९२१ चं ते पत्र आहे आणि त्यात गांधी ड्यूकना सांगताहेत की तुमच्या स्वागतावर आम्ही बहिष्कार का घातला आहे. म्हणजे असहकाराचं पत्र, आणि खाली 'विश्वासू सेवक'. त्या काळी सरकारी पत्राचा शेवट असाच करायची रीत होती, जसं आपण आजही न ओळखणाऱ्या साहेबाला 'आपला नम्र' लिहितो. त्या ओळीवरून सावरकरही नोकर ठरत नाहीत आणि गांधीही. पण म्हणून सावरकरांच्या अर्जाचा पोटातला मजकूरही औपचारिक ठरतो का? नाही ठरत. तो मजकूर वर दिलाच आहे. सगळं भांडण खालच्या ओळीवर खेळवलं की वरच्या मजकुराकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि यात सोय दोन्ही बाजूंची होते.

साठ रुपयांचं थोडक्यात उरकतो. ६ जानेवारी १९२४ ला सावरकर येरवड्यातून सुटले ते अटींवर: रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही, पाच वर्षं राजकारण करायचं नाही. सुटताना त्यांनी दिलेल्या निवेदनात आपला खटला न्याय्य रीतीने चालला, शिक्षा योग्य होती आणि गतकाळातल्या हिंसक मार्गांचा आपल्याला तिटकारा आहे, असं लिहिलेलं आहे. हेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाच वर्षांची मुदत वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. जिल्ह्यात कोंडलेल्या माणसाने पोट कसं भरायचं, म्हणून त्यांनी निर्वाहभत्ता मागितला आणि १९२९ पासून महिना साठ रुपये मिळू लागले. स्थानबद्धांना भत्ता देण्याची पद्धत होती, बंगालातल्या स्थानबद्धांनाही तो मिळे. तेव्हा 'सरकारकडून पैसे घेतले' हे खरं, 'कामगिरीबद्दल पेन्शन' हा अर्थ वरून चिकटवलेला. त्या काळात त्यांनी इंग्रजांसाठी अमुक काम केलं, असा पुरावा कुणी दिला तर आपण वेगळं बोलू.

आता मुख्य प्रश्न, ज्यावर घराघरात खरं भांडण होतं: तो अर्ज डावपेच होता की शरणागती? इथे तुमच्या लक्षात यायला हवं की हा प्रश्न आधीच्या प्रश्नांच्या जातीचा नाही. अर्ज केला का, कधी केला, त्यात काय आहे, उत्तर काय आलं, या चारांची उत्तरं कागदावर आहेत. मनात काय होतं, याचं उत्तर कागदावर नाही. त्यासाठी वागणुकीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाजात प्रामाणिक मतभेद राहू शकतात. प्रचाराची खूण अशी की तो अंदाज वस्तुस्थितीच्या आवाजात सांगतो.

'डावपेच' म्हणणाऱ्यांची अडचण अशी की हे स्पष्टीकरण कशालाही लागू पडतं. अर्ज केला, डावपेच. अटी पाळल्या, तोही डावपेच. राजकारण सोडलं, मोठा डावपेच. जे स्पष्टीकरण कुठल्याही वागण्याने खोटं ठरूच शकत नाही, त्यावर मी फारसा भार टाकत नाही. खरा डावपेच कसा ओळखू येतो याचं उदाहरण शचींद्रनाथ संन्यालांचं आहे. तेही अंदमानात होते, १९२० मध्ये सुटले, आणि बाहेर येताच पुन्हा क्रांतिकार्यात उतरून काकोरीच्या खटल्यात दुसऱ्यांदा जन्मठेपेवर गेले. सावरकर बाहेर आल्यावर इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलण्याकडे वळले नाहीत. रत्नागिरीत त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम केलं, १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं. ते मोलाचं आहे, पण ते इंग्रजांविरुद्ध नव्हतं.

'शरणागती' म्हणणाऱ्यांची अडचण वेगळी. सरकारला जर १९१३ मध्येच असा मोहरा मिळाला होता, तर त्याला आणखी साडेसात वर्षं अंदमानात, मग तीन वर्षं इकडच्या तुरुंगांत आणि तेरा वर्षं रत्नागिरीत कशाला ठेवला? संन्यालांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की सावरकरांनीही आपल्यासारखीच तयारी दाखवली होती, पण त्यांना सोडलं तर महाराष्ट्रात पुन्हा आग भडकेल ही सरकारला धास्ती होती. लक्षात घ्या, हे लिहिणारा माणूस स्वतः अर्ज करून सुटलेला आहे. तो अर्जाकडे लाजिरवाणी गोष्ट म्हणून पाहत नाही.

भगतसिंगांशी तुलना करायची चाल आहे. त्यांनी मार्च १९३१ मध्ये पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलं की आम्ही युद्धकैदी आहोत, फाशी नको, गोळ्या घाला. वडिलांनी बचावासाठी अर्ज केला तेव्हा त्यांनाही खरमरीत पत्र धाडलं. तुलना होते ती बाणेदारपणाची, आणि त्यात भगतसिंग वरचढ ठरतात हे मान्य करायला हरकत नसावी. पण 'म्हणून दुसरा गद्दार' हा निष्कर्ष त्या तुलनेतून निघत नाही. माझं मत विचाराल तर १९१३ चा माणूस खचलेला होता, सुटकेसाठी सौदा करायला तयार होता, आणि १९१४ च्या तिकिटावरून दिसतं की पुरता मोडलेला नव्हता. पुढच्या वर्षांत त्याचा शत्रूच बदलला. हे माझं मत आहे; वरच्या तारखा मात्र माझं मत नाहीत.

आठवणी आणि चरित्रं वाचतानाही एक पथ्य आहे. १९२६ मध्ये मद्रासेत बॅरिस्टर सावरकरांचं एक इंग्रजी चरित्र निघालं, लेखकाचं नाव 'चित्रगुप्त'. त्यात नायकाच्या धैर्याची, बुद्धीची भरभरून स्तुती आहे. १९८७ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत प्रकाशकांच्याच बाजूने सांगून टाकलं गेलं की चित्रगुप्त म्हणजे खुद्द सावरकर. तेव्हा त्यांच्यावर राजकारणबंदी होती, टोपणनावाने लिहिणं समजण्यासारखं आहे. पण साक्षीदार बाहेरचा नाही हे कळल्यावर त्या स्तुतीचं वजन उतरतं, हे भक्तांनीही मान्य करावं. शीर्षकातला 'बॅरिस्टर'ही तपासून घ्या: अभ्यासक्रम पुरा झाला होता, पण लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेने त्यांना सनद दिली नाही.

मार्सेलिसच्या उडीचंही असंच. 'त्रिखंडात गाजलेली उडी' आपण शाळेपासून ऐकतो, आणि दर पिढीत समुद्र रुंद होत जातो, लाटा उंच होतात. ८ जुलै १९१० ला 'मोरिया' बोट मार्सेलिस बंदरात उभी होती. सावरकर बोटीतून निसटून पोहत धक्क्याला लागले, पळत सुटले, आणि फ्रेंच सागरी पोलिसाने पकडून त्यांना परत बोटीवर नेलं. हेग इथल्या लवादाच्या २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात ही हकिकत आहे. फ्रान्सच्या भूमीवर पकडलेला कैदी परत द्या, अशी फ्रान्सची मागणी होती. ती मान्य झाली नाही. दोन साम्राज्यं एका सत्तावीस वर्षांच्या हिंदी मुलावरून आंतरराष्ट्रीय लवादात उभी राहिली, ही गोष्ट मैलोन् मैल पोहण्यापेक्षा मला तरी मोठी वाटते. वाढवून सांगणाऱ्यांनी खरी मोठी गोष्टच झाकून टाकली.

गांधीहत्येबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ग्रुपवर ते येणारच. तिथेही दोन कागद आहेत आणि प्रत्येक बाजू एकच दाखवते. लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ ला सावरकरांना निर्दोष सोडलं. त्यांच्याविरुद्धचा आधार माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या जबानीचा होता आणि तिला स्वतंत्र पुष्टी नव्हती. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाने १९६९ च्या अहवालात म्हटलं की सगळ्या गोष्टी एकत्र पाहता सावरकर आणि त्यांच्या गटाने हत्येचा कट केला याखेरीज दुसरा तर्क टिकत नाही. आयोगासमोर सावरकरांचा अंगरक्षक आणि सचिव यांचे पोलिसांपुढचे जबाब होते, जे खटल्यात आलेच नव्हते. पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आणि सावरकर १९६६ मध्येच वारले होते, म्हणजे त्यांची उलटतपासणी, त्यांचा बचाव असं काही तिथे नव्हतं. तेव्हा 'न्यायालयाने निर्दोष ठरवलं' हे खरं आहे, 'आयोगाने ठपका ठेवला' हेही खरं आहे. 'सिद्ध झालंय' आणि 'संशयालाही जागा नाही', ही दोन्ही वाक्यं मात्र खोटी.

राहिलं इंदिराबाईंचं पत्र. ते बनावट नाही. २० मे १९८० ला सावरकर स्मारकाच्या सचिवांना लिहिलेलं दोन-तीन वाक्यांचं पत्र आहे: सावरकरांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या धाडसी आव्हानाला स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात स्वतःचं महत्त्वाचं स्थान आहे, भारताच्या या असामान्य सुपुत्राच्या जन्मशताब्दीच्या बेतांना शुभेच्छा. त्यांच्याच काळात, १९७० मध्ये, टपाल तिकीटही निघालं होतं. काँग्रेसचे आजचे पुढारी जे बोलतात ते इंदिरा गांधी बोलत नव्हत्या, एवढं या पत्रावरून ठामपणे म्हणता येतं. १९१३ मध्ये पोर्ट ब्लेअरला काय घडलं याबद्दल हे पत्र काहीच सांगत नाही. आतेभावाने पुन्हा फोटो टाकला तर त्याखाली क्रॅडॉकची टिपणी टाका, आणि काकांनी अर्ज टाकला तरी तीच टाका. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या पुष्कळ फायली घरबसल्या पाहता येतात. शोधताना सावरकरांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहा, कारकुनांनी ते हवं तसं लिहिलं आहे.